मोठ्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही कुणाला विचारता? (आठ माग, नायना आणि मी)

पूर्वभागातली | ४ जानेवारी, रात्री ११.४८

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी मूळची सोलापूरची, पूर्व भागातली. वडील, आम्ही त्यांना नायना म्हणतो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आठ माग चालवतात. टेरी टॉवेल आणि नॅपकिन. आजोबा तेलंगणातून हातमागावर विणायला सोलापुरात आले होते. नायनांनी १९८९ साली दोन जुने यंत्रमाग घेतले. दोनाचे आठ झाले आणि आठावरच थांबले. नायनांचं वय ६८. ऑगस्टमध्ये डावा हात एकाएकी बधिर झाला, चार दिवस दवाखान्यात काढले. आता हात चालतो, पण बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) बदलताना तार जोडायला बसले की बोटं थरथरतात. ते आम्हाला दिसू नये म्हणून ते पाठ करून बसतात.

मी पुण्यात, हिंजवडीत. तेरा वर्षं नोकरी, हाताखाली अकरा माणसं. नवरा इथेच, मुलगा नऊ वर्षांचा. धाकटा भाऊ हैदराबादला, त्याने कधीच हात वर केलेत. नायना 'परत ये' असं कधीच म्हणालेले नाहीत. पण दसऱ्याला मागांची पूजा झाल्यावर ते सहज म्हणाले, "पुढच्या वर्षी पूजा कोण करतंय बघू." तेव्हापासून माझी झोप उडालीय.

परत जावं की नाही, हा प्रश्न. आता उत्तरासाठी मी काय काय केलं ते सांगते, हसू नका.

आधी एक्सेल शीट केली. पैसा, मुलाची शाळा, नायनांची तब्येत, माझं करिअर, सगळ्याला गुण दिले. उत्तर आलं पुणे. मला बरं वाटलं नाही म्हणून गुण थोडे हलवले. उत्तर आलं सोलापूर. तेही पटेना. शीट बंद केली.

मग सासूबाईंच्या ओळखीच्या ज्योतिषांकडे गेले. ते म्हणाले मार्चपर्यंत थांबा. मार्च का, तर ग्रह. (खरं सांगू, 'थांबा' ऐकून सुटल्यासारखं झालं.)

मग एआयला विचारलं. त्याने दोन खणांची यादी दिली, फायदे सहा, तोटे सहा. मी तीन रात्री तीन तऱ्हेने विचारलं. ज्या रात्री माझा कल जिकडे, त्या रात्री त्याचाही कल तिकडे. आरशाला सल्ला विचारल्यासारखं झालं.

म्हणून इथे विचारतेय. 'मी काय करू' हे नका सांगू. तुम्ही तुमच्या असल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर कुठून काढलंत, ते सांगा.

---

खवट शेंगदाणा | ५ जानेवारी, सकाळी ७.१०

काय ओ ताई, एवढा लै इचार कशाला करायलाव? गड्डा आलाच की आठ दिवसांवर. होम मैदानावर वासराची भाकणूक असते, तिथंच विचारून टाका. वासरानं मुतलं तर सोलापूर, बिथरलं तर पुणे.

---

भाऊमास्तर | ५ जानेवारी, सकाळी ९.३२

शेंगदाणेराव, थट्टा ठीक आहे, पण भाकणूक बाहेरगावच्या वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, होमविधी झाल्यावर देशमुखांचं वासरू आणतात. दिवसभर उपाशी ठेवलेलं असतं. त्याच्यापुढे धान्य, ऊस, गाजर, बोरं असं ठेवतात आणि ते कशाला तोंड लावतं, शांत राहतं की बुजतं, यावरून वर्षाचा पाऊस आणि भाव सांगतात. मूत्रविसर्जन केलं तर पाऊस चांगला, हे शेंगदाणेरावांनी बरोबर सांगितलं. विश्वास ठेवा न ठेवा. मी बेचाळीस वर्षं बघतोय. मला त्या वासरापेक्षा भोवतीची माणसं बघायला आवडतात. प्रत्येक शेतकरी मनात आधीच एक उत्तर घेऊन आलेला असतो, आणि वासरू वेगळं वागलं की त्याचा चेहरा उतरतो. तो चेहरा बघितला की कळतं त्याने तूर पेरायची ठरवलीय की कांदा.

ताई, तुमच्या एक्सेलचं तसंच झालं. उत्तर आल्यावर तुम्हाला जे वाटलं, ते जास्त महत्त्वाचं होतं. आणि गंमत अशी की दोन्ही उत्तरांवर चेहरा उतरला. म्हणजे प्रश्नच दुसरा असणार.

---

टेरीटॉवेल | ५ जानेवारी, दुपारी १.१५

मी परत आलेला माणूस आहे. २०१६ ला. बंगळूरची नोकरी सोडून. त्यामुळे थोडं लांब लिहितो.

परत येऊ का हे मीही दोन वर्षं लोकांना विचारत होतो. मित्र म्हणायचे ये रे, स्वतःचा धंदा तो स्वतःचा. ते सगळे पगारदार. कारखानदार म्हणायचे वेडा आहेस का. त्या सगळ्यांची पोरं पुण्यात. म्हणजे ज्याला त्याला आपल्या निर्णयाला टाळी हवी होती.

शेवटी मला उत्तर मिळालं ते उधारीच्या वहीत. वडिलांना न सांगता आठवडाभर ती वही वाचली. नफ्यातोट्याचा कागद वाचू नका, तो सीएनं कर भरण्यापुरता केलेला असतो. उधारीची वही वाचा. कोणता व्यापारी किती दिवसांनी पैसे देतो, कोण दर दिवाळीला थोडे बुडवतो, सूतवाल्याचं आपलं देणं किती दिवसांचं. मला दिसलं की आमचा माल विकला जात होता, पैसा मात्र अडकत होता. सूत रोखीत आणि टॉवेल उधारीत. हे मला दुरुस्त करता येईल असं वाटलं म्हणून आलो. 'मातीची ओढ' वगैरे नंतर लोकांना सांगायला ठेवलं.

आणखी एक. तुम्ही घरच्याच आहात, पण मागावर किती बसलात माहीत नाही. टेरीला दोन बीम लागतात. एक ताणलेला, त्यावर जमीन विणली जाते, आणि एक सैल सोडलेला, त्याचे फासे उभे राहतात. सैल बीमचा ताण जरा बिघडला की फासे कमीजास्त आणि माल परत. आमचे वडील मागाच्या आवाजावरून सांगायचे तिसऱ्या नंबरचा बीम सैल झालाय म्हणून. मला दहा वर्षांत ते आलेलं नाही. मी रॅपियर (बिनधोट्याचे नवे माग) घेतले, कारण मला मशीनवरचा आकडा वाचता येतो, आवाज वाचता येत नाही. नायनांचा कारखाना चालवायला तुम्ही येणार असाल तर तो नायनांचा राहणार नाही, हे आधीच धरून चाला.

---

पूर्वभागातली | ५ जानेवारी, रात्री १०.२०

टेरीटॉवेल, "तो नायनांचा राहणार नाही" यावर अडखळले. मागावर मी बसलेय, पण सुट्टीपुरतीच. कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरलेल्यात, दहावीच्या सुट्टीत, रुक्माक्काच्या शेजारी बसून. कांडीला दहा पैसे की काय ठरलं होतं. नायनांनी ते दिलेच नाहीत :)

मास्तर, प्रश्न दुसरा असेल तर कोणता?

---

सातरस्ता | ६ जानेवारी, सकाळी ८.०५

आपल्या सोलापुरातच याचं उत्तर आहे. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, मुलाला घेऊन जाऊन या. जन्म सोलापूरचा, १९१०. डॉक्टर झाले, पुढे शिकायचं होतं, आणि १९३८ साली जपानच्या आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला मदत करायला निघालेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते गेले. तिकडे असतानाच इकडे वडील वारले. तरी परतले नाहीत. बाकीचे चौघे यथावकाश आले, हे राहिले, तिथेच लग्न केलं, तिथेच १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. हेतू मोठा असला की 'परत जाऊ का' हा प्रश्न उरत नाही.

---

भोंगा | ६ जानेवारी, सकाळी ११.४०

सातरस्ता, आदर राखून असहमत. आपण स्मारकापासून उलटं वाचत जातो, म्हणून सगळं सरळ दिसतं. वडील गेल्याचं पत्र हातात आलं त्या रात्री त्या अठ्ठावीस-तीस वर्षांच्या पोराच्या पोटात काय झालं असेल, ते स्मारकावर कोरता येत नाही. आणि समजा ते परत आले असते, सोलापुरात दवाखाना टाकून पन्नास वर्षं खोकल्याची औषधं दिली असती, तर तेही चुकीचं उत्तर नव्हतं. फक्त चौकाला कारण मिळालं नसतं.

माझे आजोबा गिरणीत होते. साचेवाले. गिरणी बंद झाली तेव्हा त्यांना कुणी प्रश्न विचारलाच नाही, गेटवर नोटीस लागली. त्यानंतर कितीतरी वर्षं ते पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला उठायचे, अंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसायचे. भोंगा वाजायचा बंद झाला होता तरी. आजी म्हणायची, "बसू दे, अजून सुट्टी व्हायचीय." दुपारी पाळी सुटायच्या वेळेला आत यायचे.

तर ताई, तुमच्या नायनांचं सकाळी नऊ ते सहा काय होणार, हा कारखान्याइतकाच मोठा प्रश्न आहे असं मला वाटतं. एक्सेलमध्ये तो रकाना होता का?

---

पूर्वभागातली | ६ जानेवारी, दुपारी १२.०२

नव्हता. 'तब्येत' होता.

---

कुंभारीचा | ६ जानेवारी, रात्री ९.५०

वाचतोय कालपासून. बोलू की नको करत होतो.

आई बिड्या वळायची. पान-तंबाखू कारखान्यातून आणायचं, वळून हजाराच्या हिशोबानं परत द्यायच्या. छाट निघाली, म्हणजे काही बिड्या नापास झाल्या, की तेवढ्या घरच्या वेळेतून पुन्हा वळायच्या. मी एकोणीस वर्षांचा असताना मला बाहेरगावी अप्रेंटिसशिपचं पत्र आलं. स्टायपेंड एवढासा, आणि मी गेलो तर घरात कमावणारं कुणी नाही. आईला विचारलं, जाऊ का. ती म्हणाली, "हजार होऊ दे, मग विचार." हात थांबवता येत नव्हते. रात्री साडेदहाला हजार झाले. मी चहा केला आणि गेलो विचारायला, तर ती बसल्या जागी सूप मांडीवर घेऊन झोपली होती.

उत्तर न घेताच गेलो. आज बरं चाललंय. आईचं घरही झालं, कुंभारीला.

सांगायचा मुद्दा, तुमचा प्रश्न मोठा आहे, मान्य. पण 'प्रश्न पडणं' हीसुद्धा ऐपत असते. आणि एक विचारतो, राग मानू नका. आठ मागांवर माणसं किती? सहा तारखेपर्यंत सगळे प्रतिसाद वाचले, तुमचे, नायनांचे, आजोबांचे, डॉ. कोटणीसांचे सगळ्यांचे प्रश्न आले. मागावरच्या माणसांचा कुणाला पडलाय का?

---

खवट शेंगदाणा | ६ जानेवारी, रात्री १०.०१

+१. थट्टा बंद. बसलो गप.

---

होटगी रोड | ७ जानेवारी, सकाळी १०.३०

करसल्ल्याचं काम करतो, कोरडं लिहितो. कुंभारीचा यांनी विचारलं म्हणून. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी लागतो. आठ मागांवर बहुधा चार-पाच असतील, म्हणजे कायद्याचा कागद कदाचित काहीच सांगणार नाही. त्यामुळे 'कायद्यानं काय बसतं' हे उत्तर शोधू नका, ते शून्य येईल आणि तुम्हाला रात्री ते पुरणार नाही. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार गुणिले नोकरीची वर्षं, हे माप कायद्यातलंच आहे. लागू नसलं तरी माप म्हणून वापरता येतं.

दुसरं, 'विकून टाकू' म्हणणाऱ्यांसाठी. एमआयडीसीचा प्लॉट आपल्या मालकीचा नसतो. ९५ वर्षांचा भाडेपट्टा असतो. दुसऱ्याच्या नावे करायचा तर महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरणाचं शुल्क. कागद नायनांच्या एकट्याच्या नावे आहे की भागीदारीत, हे आधी बघा. माझ्याकडे येणाऱ्या दहा भावंडांच्या भांडणांत आठ ठिकाणी हा कागद कुणी पाहिलेलाच नसतो.

---

समुपदेशक ताई | ७ जानेवारी, दुपारी ३.२०

धागाकर्तीने 'झोप उडालीय' असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं आणि कुणी थांबलं नाही तिथे. दसऱ्यापासून म्हणजे तीन महिने होत आले. किती तास झोपता? जेवण कसं आहे? कामात चुका होतायत का? तीन महिने न झोपलेल्या डोक्याला कोणताही प्रश्न जन्ममरणाचाच दिसतो. आधी डॉक्टरांना भेटा. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ती फक्त 'गंभीर' लोकांसाठी आहे असं समजून बरेच जण फोन करत नाहीत.

आणि एक साधी गोष्ट. हा प्रश्न तुम्ही एक्सेलला विचारला, ज्योतिषाला विचारला, मशीनला विचारला, आम्हाला विचारला. नायनांना विचारला का?

---

पूर्वभागातली | ७ जानेवारी, रात्री ११.३०

दोन-तीनदा लिहून खोडलं.

नाही विचारला.

माणसं चार आहेत. तिघे माग बघतात, येल्लप्पामामा त्यातले सगळ्यात जुने. आणि कांड्यांना रुक्माक्का, जिच्याबद्दल वर गमतीत लिहिलं. त्यांना विचारायचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कुंभारीचा, राग नाही.

झोप चार-साडेचार तास. डॉक्टरांची वेळ घेतलीय शनिवारची.

---

भाऊमास्तर | ८ जानेवारी, सकाळी ६.५५

'कोणता प्रश्न' असं तुम्ही मला विचारलं होतं, दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण मला सुचलं नव्हतं. काल संध्याकाळी तळ्याकाठी फिरताना सुचलं.

ज्या तळ्यात आपलं सिद्धेश्वराचं देऊळ आहे, ते सिद्धरामेश्वरांनी माणसं लावून खणलं, बाराव्या शतकात. शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या काळच्या संतांच्या, परंपरेत कथा सांगतात. काम जोरात चालू असताना अल्लमप्रभू सोन्नलगीला आले. म्हणजे आपल्याच गावात. आणि त्यांनी काठावर उभं राहून विचारलं, कुठाय तो तुमचा माती खणणारा, वड्डर राम? एवढ्या मोठ्या योग्याला असं म्हटल्यावर खणणारे चिडले, दगड घेऊन धावले. दगड लागले नाहीत असं कथा म्हणते, ते सोडा. पुढे सिद्धराम स्वतः रागानं आले आणि मग दोघांचा संवाद झाला. अल्लमांनी तळं वाईट आहे असं म्हटलं नाही. तळं, देवळं, लिंगं, हे सगळं उभारणारा 'मी' कोण, एवढंच विचारत राहिले. सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) गेले. पण तळं राहिलं, आजही आहे, आणि समाधीही इथेच आहे.

शाळेत असताना मी ही गोष्ट मुलांना 'काम करत राहा' म्हणून सांगायचो. चुकीची सांगायचो. गोष्ट अशी आहे की काम चांगलं असूनही कुणीतरी काठावर उभं राहून टोचणारा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारणाऱ्यावर पहिल्यांदा दगडच येतात.

तुम्ही 'परत जाऊ का' विचारताय. मला वाटतं तुम्हाला विचारायचंय, 'मी गेले नाही तर तीन पिढ्यांचं काम बंद पाडणारी मीच का?' चुकत असेन तर दगड मारा.

---

पूर्वभागातली | ८ जानेवारी, सकाळी ७.३०

दगड नाही. बाथरूममध्ये जाऊन रडून आले. ऑफिसला निघते.

---

सातरस्ता | ८ जानेवारी, सकाळी ९.१५

मास्तर __/\__

भोंगा, तुमचा मुद्दा पटला. मी कोटणीसांना पोस्टरसारखं वापरलं.

---

खवट शेंगदाणा | ८ जानेवारी, दुपारी १.००

अवांतर: एवढा गंभीर धागा आणि कडक भाकरी-शेंगाचटणीचा एकदाही उल्लेख नाही? मंडळाला सोलापूरकर म्हणवून घ्यायचा अधिकार नाही.

---

पूर्वभागातली | १२ जानेवारी, संध्याकाळी ६.२५

हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसलेय, गाडी आत्ताच हलली. गड्ड्याला म्हणून चार दिवस रजा टाकलीय. विचारणार आहे. कसं, ते कुर्डुवाडीपर्यंत ठरवते.

---

टेरीटॉवेल | १२ जानेवारी, संध्याकाळी ६.४०

घरात विचारू नका. कारखान्यात विचारा. आमचे वडील घरात कधी खरं बोलले नाहीत, घरात आई असायची.

---

पूर्वभागातली | १५ जानेवारी, रात्री १०.५५

टेरीटॉवेल, ऐकलं तुमचं.

तेराला यात्रेतल्या अक्षता सोहळ्यामुळे सुट्टी होती. सगळे नंदीध्वज बघायला गेलेले. नायना सकाळी नऊला नेहमीसारखे निघाले, "तेल द्यायचंय मागांना" म्हणून. मीही स्कूटरवर मागे बसले. बंद कारखाना मी इतक्या वर्षांत पाहिलाच नव्हता. त्या खटखटाटात आम्ही लहानपणापासून ओरडूनच बोलत आलो. तिथे साध्या आवाजात बोलायला लागले तर स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

आधी भलतंच बोलले. म्हटलं, नायना, मी एका धाग्यावर विचारलं लोकांना आपल्याबद्दल. ते तेलाचा डबा खाली ठेवत म्हणाले, "कुठल्या काउंटचा?"

(सुताच्या जाडीला काउंट म्हणतात.) हसलो दोघं. मग विचारलं. तुम्हाला काय पाहिजे?

ते बराच वेळ पाचव्या नंबरच्या मागाखाली वाकून काहीतरी करत राहिले. मग हात पुसले, कपाटातून डायरी काढली आणि त्यातली एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. सप्टेंबरची तारीख. जुने माग घेणाऱ्याचा हिशोब, वजनाच्या भावाने, आठ मागांचा. दवाखान्यातून आल्यावर तीन आठवड्यांत त्यांनी भाव काढून ठेवला होता!

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? दसऱ्याला ते वाक्य का बोललात?

तेलुगूत म्हणाले, मी मराठीत लिहितेय, थोडं निसटेल. "सांगितलं असतं तर तू 'बरं झालं' म्हणाली असतीस. तेवढं ऐकायची तयारी झाली नव्हती."

मी इकडे परत यायच्या भीतीने झोपत नव्हते, आणि ते तिकडे माझ्या सुटकेच्या सुस्काऱ्याला घाबरून चिठ्ठी लपवत होते. चार महिने!

भोंगा, तुमच्या आजोबांची गोष्ट मी त्यांना सांगितली. ते म्हणाले, "टोपी घालून ओट्यावर नाही बसणार मी." मग स्वतःच म्हणाले, दोन माग ठेवू. नॅपकिनचे. सहा देऊन टाकू. सकाळी यायला जागा पाहिजे. तारेला हात थरथरतो, पण तेल द्यायला थरथरत नाही.

उधारीची वही दोघांनी मिळून वाचली. टेरीटॉवेल, आमच्याकडे उलटं निघालं. व्यापारी पैसे वेळेवर देतायत, पण गेली दोन वर्षं नायना त्यांना माल जवळपास पडत्या भावानं देत होते, माग बंद राहू नयेत म्हणून. होटगी रोड, प्लॉटचा कागद सापडला, नायना आणि गेलेल्या काकांच्या नावे आहे. म्हणजे आता चुलतभावांना विचारणं आलं. तो वेगळा धागा होईल.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, काल सहा तास झोपले.

आणि हो, होमाच्या रात्री मैदानावर गेलो होतो. गर्दीत वासराचे फक्त कान दिसले.

---

समुपदेशक ताई | १६ जानेवारी, सकाळी ८.४०

छान. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

---

होटगी रोड | १६ जानेवारी, सकाळी १०.१०

काकांच्या वारसांची नावं लावून घ्या आधी. सहा माग विकायला प्लॉटच्या परवानगीची गरज नाही, यंत्रं वेगळी, जागा वेगळी.

---

कुंभारीचा | १६ जानेवारी, दुपारी २.०५

तुमचं आणि नायनांचं मिटलं, बरं वाटलं वाचून. दोन मागांना माणूस एकच लागतो ना?

---

पूर्वभागातली | १७ जानेवारी, दुपारी ४.३०

हो. एकच.

काल कारखाना सुरू झाल्यावर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत नायनांनी चौघांना बसवून सांगितलं. मी बाजूला होते. येल्लप्पामामा म्हणाले, माझे डोळे गेलेत, मला सोडाच, पोरगं रिक्षा चालवतंय. नायनांनी त्यांना पंधरा दिवस गुणिले वर्षं त्या मापाने द्यायचं कबूल केलं, एकवीस वर्षांचे. एक जण मोठ्या कारखान्यात बोलणी करतोय. तिसरा आमच्याकडे राहील.

रुक्माक्का शेवटपर्यंत काही बोलली नाही. डबा धुतला, पुन्हा मशीनवर जाऊन बसली. संध्याकाळी मी निघताना म्हणाली, "दोन मागाला किती कांड्या लागतात गं? दुपारपर्यंत होतात. मग मी सोमवारी येऊ का नको?"

नायना म्हणाले ये. पण अर्ध्या दिवसाला पूर्ण पगार किती महिने देणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिचं वय ५४. एकोणीस वर्षं कांड्याच भरल्यात. मी स्टेशनवर आहे, सोमवार परवावर आलाय आणि माझ्याकडे उत्तर नाही.

---

टेरीटॉवेल | १७ जानेवारी, संध्याकाळी ५.१२

रॅपियरला कांडी लागत नाही, सूत थेट कोनवरून जातं. पण आमचे चार जुने माग अजून काढलेले नाहीत आणि कांड्यांची बाई दिवाळीला सोडून गेली. दुपारनंतर चालेल. अडचण एवढीच की आम्ही चिंचोळीला आहोत, पूर्व भागातून लांब पडतं. आमची गाडी दुपारी दीडला सूत आणायला गावात येते, परत जाताना त्यांना घेता येईल. माग किती वर्षं ठेवीन सांगता येत नाही, दोनेक वर्षं तरी नक्की. त्यांना जमेल का ते विचारा, परस्पर ठरवू नका. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

---

पूर्वभागातली | १७ जानेवारी, संध्याकाळी ५.२०

विचारते.